माझ्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकायला कुणीही येवो, पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट घोकवून घेतो. मागचा कितीही हॉर्न वाजवो, आरशात त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. वेग तोच ठेवायचा, जागा मिळाली की कडेला घ्यायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. बावीस वर्षं हे सांगतोय. आणि माझ्याइतका तापट माणूस आमच्या अख्ख्या खानदानात नाही.

वहिनींना शिकवायचं ठरलं ते दादाच्या डोळ्यांमुळे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं. टॅक्सीवाला ऐनवेळी आला नाही म्हणून एक तारीख हुकली होती. आणखी एक हुकली तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मूलबाळ नाही, मी दिवसभर कामावर. म्हणून पन्नाशी उलटल्यावर वहिनी स्टिअरिंगला बसल्या, आणि शिकल्याही झकास. लायसन्सची परीक्षा आठवड्यावर आली होती.

त्या दुपारी पुलाच्या चढावर एक काळी गाडी मागे चिकटली. हॉर्न, दिवे, पुन्हा हॉर्न. वहिनींनी ढुंकून पाहिलं नाही. मी बघत नाहीये हं, असं उलट मलाच सांगत होत्या. बघत होतो मी. शिकवणाऱ्यासाठी वेगळा छोटा आरसा असतो, त्यात तो बाबा हातवारे करताना दिसला. त्यानं हासडलेली शिवी ओठांवरूनच कळली आणि माझं डोकं सटकलं. थांब लेका, म्हटलं, दाखवतोच तुला. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो मी दाबला. जरासाच, त्याला दचकवण्यापुरता.

तो येऊन आदळला. वहिनींची हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. तो माणूस खिडकीशी येऊन वाट्टेल ते बोलला, आणि हनुवटीला रुमाल दाबून वहिनी त्याला म्हणाल्या की माझं चुकलं, माझाच पाय पडला असणार. मी शेजारी बसलेलो. माझी दातखीळ बसली होती.

तीन टाके पडले. दादा म्हणाला, पुरे आता, माझे डोळे गेले तरी चालतील. वहिनींनी परीक्षेचं पुस्तक कपाटात टाकलं. आणि सांगायला लाज वाटते, मी मान डोलावली. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण दादाच्या नजरेतून उतरायची भीती जास्त होती. जेमतेम उरलेल्या त्या नजरेतून.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दादाकडे गेलो, तर वहिनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. टेबलाखाली उजवा पाय उचलत होत्या, ठेवत होत्या. पुन्हा उचलत होत्या. नेमकं कुठे चुकलं ते शोधत होत्या.

"वहिनी, ब्रेक मी दाबला होता. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

त्यांचा पाय थांबला. पलीकडे बसलेल्या दादानं रेडिओ बंद केला.

"आणि मला त्या माणसाची माफी मागू दिलीत, भावोजी?"

वहिनींनी माझ्यापुढे हात केला. मी गाडीची किल्ली दिली. दादा मागच्या सीटवर जाऊन बसला.

वहिनी स्टिअरिंगला बसल्या. मी शेजारी बसलो, तसं त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"पाय वर घ्या. मांडी घालून बसा."

बसलो. बावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस, सीटवर मांडी घालून. पुलाच्या चढावर एक ट्रक मागे लागला आणि हॉर्न वाजवत सुटला. माझा उजवा पाय मांडीखाली थरथरायला लागला, मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. वहिनींनी वेग बदलला नाही. जागा मिळताच बाजूचा दिवा देऊन कडेला घेतलं आणि ट्रकला जाऊ दिलं.

घरी येईपर्यंत मी पाय खाली सोडला नाही.