मांजरं चालली पुण्याले

लोकं पुण्याले लेकीकडे तांदूळ नेतात, लोणचं नेतात, सुक्या मासोळ्या नेतात. मी मांजरं नेली. हसायचं असेल तर आताच हसून घ्या. आमच्या नवेगाव बांधात कोणी बाकी नाही राहिलं हसाचं.

माझी लेक टीना पुण्याले एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न तिकडंच झालं अन् तिकडंच मोडलं. नवऱ्यानं दुसरीच आणून ठेवली घरात. चूक त्या मेल्याची, अन् तोंड लपवून राहिली माझी पोरगी! तेव्हापासून गावाले आलीच नाही. दिवाळी झाली का आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, रातभर नाटकं चालतात, सासरी गेलेल्या साऱ्या पोरी माहेरी येतात. आमची टीना नाही. फोन केला का एकच पालुपद, "आई, लोकं काय म्हणतील?" मी म्हणलं, "लोकाईचं मी पाहतो ना!" तर ती बोलणंच बदलते. मग हळूच विचारते, "भुरी जेवली का? ढोल्या कुठं आहे?" ही दोन मांजरं, पिल्लं असताना, तिनंच तलावाच्या पारीवरून, बांधावरून, उचलून आणली होती. तेवढं विचारतानाच तिच्या आवाजात जीव राहे.  ही अशीच राहिली तर एक दिवस फोनही उचलणार नाही, मी लेक हातची घालवून बसीन, असं मले वाटाले लागलं.

मग मी ठरवलं. ती मांजरांपाशी येत नाही ना, मांजरं जातीन तिच्यापाशी.

आमचे हे म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं? धान कापाले आलं अन् तू मांजरं फिरवाले चालली!"

"धान तुमी कापा," मी म्हणलं.

शेजारची सुशीलाबाई कुंपणावरून ओरडली, "अल्का, पुण्यात मांजरं नाहीत का वं?"

"आहेत. पण ती माझ्या लेकीले ओळखत नाहीत."

गाडी माझ्या देराची, वीरेंद्रची. तो नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटक नेते. दिवसभर वाघाच्या गोष्टी सांगणारा माणूस, पण मांजर म्हणलं का नाक मुरडते. तरी वहिनीले नाही म्हणाची त्याची हिंमत नाही. निघाच्या दिवशी पहाटे मी डबा घ्याले आत गेली, बाहेर येऊन पाहतो तर काय! भाऊसाहेबानं दोन्ही मांजरं पोत्यात घातली होती, तोंड सुतळीनं बांधलं होतं, अन् पोतं खांद्यावर घेऊन निंबाभोवती गरगर चकरा मारून राहिला होता. आत दोघं जीव तोडून ओरडून राहिले होते.

आता ही आमच्याकडची रीत आहे. मांजर नकोशी झाली का तिले पोत्यात घालतात, झाडाभोवती फिरवून फिरवून दिशा भुलवतात, अन् तलावाच्या त्या अंगाले सोडून येतात. तिले घराचा रस्ता समजू नये म्हणून. वीरेंद्रच्या मनात वाईट काही नव्हतं, मांजर न्याची म्हणजे अशीच, एवढंच त्याले माहीत. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वीरेंद्र! ठेव खाली ते पोतं!"

"काऊन वहिनी?"

"काऊन काय? ही सोडाची रीत होय! मी मांजरं सोडाले चालली का? माझ्या पोरीले आधीच वाटून राहिलं का तिले टाकून देल्लं. तिच्या दारात पोत्यातली मांजरं नेऊन ठेवू?"

"पण रस्ता दिसला तर परत येतीन ना ते."

"येऊ दे! परत यावं, हेच तर मले पाहिजे!"

मी सुतळी तोडली. दोघाईले काखेत घेतलं, दार दाखवलं, चूल दाखवली, आंगण दाखवलं, अन् मग बांबूच्या मोठ्या टोपलीत जुनं लुगडं अंथरून खिडकीपाशी बसवलं. वर मासे धराची जुनी जाळी बांधली, म्हणजे बाहेरचं सारं दिसलं पाहिजे. वीरेंद्रनं कपाळाले हात लावला अन् गाडी चालू केली.

"भुरी, हे कोहमारा. इथून मोठा रस्ता लागते. हे साकोली. हे लाखनी." मी सांगत गेली, मांजरं बोंबलत गेली. लाखनीच्या पुढं ढोल्या ओकला. भंडाऱ्याले भुरीनं लुगडं भिजवलं. वीरेंद्र म्हणाला, "वहिनी, वाघ परवडला बापा!" मी म्हणलं, "समोर पाहून चालव."

नागपूर गेल्यावर एका ढाब्यावर लुगडं बदलाले जाळी सोडली, तर भुरी उडी मारून सटकली. समोर एक ट्रक उभा होता, त्याच्याखाली जाऊन चाकाले चिकटून बसली. ट्रकवाला चढला, इंजिन चालू.

वीरेंद्र हळूच म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. एक आहे ना."

"तुझ्या दोन पोराईतलं एक इथं सुटलं तर जाशील का एकाले घेऊन घरी?"

मग मी काही पाहिलं नाही. पदर खोचला, डब्यातले सुके झिंगे मुठीत घेतले अन् सरळ त्या ट्रकखाली घुसली, पोटावर, तेलाच्या चिखलात. हातावर झिंगे ठेवून पुढं धरले. ट्रकवाला खाली वाकून ओरडला, "अरे अम्मा, मरना है क्या?" मी म्हणलं, "चला दो! ऊपर से चला दो!" आता कोण चालवते? त्यानं मुकाट्यानं इंजिन बंद केलं. ढाब्यावरचे सारे जेवण सोडून पाहाले जमले. भुरी गंज वेळ रुसून बसली, मग एक झिंगा उचलला, मग दुसरा, अन् मी तिची मानगूट धरली. बाहेर आली तेव्हा माझा अवतार पाहून वीरेंद्र हसला नाही. त्यानं पाण्याची बाटली आणून देल्ली अन् पुण्यापर्यंत मांजराईबद्दल एक शब्द बोलला नाही.

रस्त्यात एका लॉजवाल्यानं टोपली पाहून खोली नाकारली, तर गाडीतच झोपलो. दुसऱ्या दिवशी टीनाचं दार वाजवलं. दार उघडलं. पोरगी अर्धी झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, अन् तिथंच खाली बसली. भुरी खाटेखाली पळाली. ढोल्या मात्र तिच्या मांडीवर चढून असा बसला, का कालच उठून गेला होता. टीना मोठ्यानं रडली. मी रडू देल्लं. मीही रडली, खोटं कायले सांगू?

दोन घास पोटात गेल्यावर तिनं विचारलं, "आई, अन् ही परत कशी जातीन?"

"तू आणशील. मंडईले."

झालं, तोंड उतरलं पोरीचं. "लोकं काय म्हणतील?"

आता मात्र माझं डोकं सटकलं. "लोकं, लोकं! अवं, गावात आता कोणाले तुझी पडली आहे? सारे म्हणून राहिले, अल्का येडी झाली, मांजरं घेऊन पुण्याले गेली. अन् तू पुण्यावरून मांजरं घेऊन गाडीतून उतरशील, तर असं गावानं जन्मात पाहिलं आहे का? लोकं मांजरं पाहतीन, टीने! तुले कोण पाहते?"

तिनं आधी टोपलीकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून हसाले लागली, एवढी, का ढोल्या मांडीवरून उतरून बाजूले जाऊन बसला. कितीतरी दिवसांनी ऐकलं मी ते हसणं.

डोळे पुसत तिनं वीरेंद्रले विचारलं, "काका, आपली मंडई कोणत्या दिवशी आहे?"

त्यानं सांगतलं. तिनं फोन घेतला, दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरले लावला, अन् आमच्यासमोरच सुट्टी मागितली.