झोपवलेले नवरे

औषधांच्या दुकानात ती काउंटरवर उभी असायची, म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे तिला औषधवाली म्हणत. नवरा पिऊन आला की तिच्या खोलीतून आधी भांड्यांचा आवाज यायचा, मग तिचा. भिंती पातळ होत्या. तरी वरच्या मजल्यावर टीव्ही मोठा व्हायचा आणि खालच्या मजल्यावर दार लागायचं. एकदा ती पोलीस चौकीत गेली. साहेबांनी नवऱ्याला बोलावून दोघांना चहा पाजला आणि "घरातलं घरात मिटवा" म्हणून परत पाठवलं. नवऱ्याने ते घरी येऊन मिटवलं.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या हाताने तिने दुकानातल्या झोपेच्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या. त्या संध्याकाळी नवरा जेवता जेवताच पेंगला. दोघी मुली कितीतरी दिवसांनी खिदळल्या.

तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण तिच्या घरातली शांतता सगळ्यांना ऐकू गेली. खालची शेजारीण काहीतरी उसनं मागायला आल्यासारखी दारात उभी राहिली.

"हल्ली तुमच्याकडे बरं असतं, ताई."

"हं."

"आमच्या ह्यांनाही झोप लागत नाही हो."

औषधवालीने तिच्या मानेवरचे वळ पाहिले आणि गुपचूप पुडी करून दिली. मग वरच्या मजल्यावरची आली. दुकानातली चोरी वाढत गेली. तिला वाईट वाटायचं ते दुकानाच्या मालकाचं, नवऱ्यांचं नाही.

एकदा खालच्या शेजारणीचा नवरा फारच तर्र होऊन आला. घाबरून तिने घरात होत्या तेवढ्या सगळ्या पुड्या कालवल्या. तो पुन्हा उठलाच नाही. पोलिसांनी दरडावताच तिने औषधवालीच्या खोलीकडे बोट दाखवलं. "ताकदीची गोळी आहे म्हणाली, साहेब. मला काय कळतंय?"

कोर्टात औषधवालीचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला. "हिला नोकरी करू दिली, तिथेच चुकलं माझं," म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या बाईला वकिलाने विचारलं, मारहाणीचे आवाज कधी ऐकले का.

"छे हो. चांगलं घर होतं त्यांचं."

त्या बाईचा नवरा समोर बसून मान डोलावत होता. औषधवालीच्या तोंडात शिवी आली होती, ती तिने गिळली. त्या बाईला संध्याकाळी त्याच माणसाबरोबर घरी जायचं होतं, आणि आता पुडी द्यायला कुणी नव्हतं.

तुरुंगात आई एकदाच भेटायला आली.

"जरा सोसलं असतंस. मी काय कमी सोसलं?"

"माहीत आहे. दाराआडून बघायचे मी."

आई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मुली त्याच्याकडेच आहेत. थोरलीची शाळा सोडवली त्याने. स्वयंपाक तीच करते आता."

औषधवालीने जाळी घट्ट धरली. "तिला तुझ्याकडे घेऊन जा, आई."

"विचारलं मी. तुझे बाबा नको म्हणाले," आई म्हणाली, आणि तिने पिशवी उचलली.