सुट्या माणसांची खुर्ची

चष्मेवालीने माईकचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. तिने अंगठ्याने जोर देऊन पुन्हा दाबलं. टेबलाभोवतीची कंपन्यांची माणसं आपापल्या कागदांकडे बघत राहिली.

इंटरनेटवरच्या साइटच्या नावांचे नियम या खोलीत ठरत. कंपन्यांना इथे खुर्च्याच खुर्च्या. स्वतःच्या नावाची साइट बाळगणाऱ्या सुट्या माणसांना मिळून एकच. तीसुद्धा चष्म्याचं दुकान सांभाळून, वर्षानुवर्षं उंबरे झिजवून तिने पदरात पाडून घेतलेली. आजचा ठराव भयंकर होता. एखाद्या कंपनीने मागितलं, तर साध्या माणसाचं नाव त्याला न विचारता काढून देता येणार होतं. या खुर्चीने ‘नाही’ म्हटलं की ठराव बारगळणार. तेवढं एक ‘नाही’ म्हणायला ती आली होती, आणि मेलं बटणच चालेना!

“अहो, माझा माईक बंद पडलाय.”

“पडला नाही, बाई. आम्हीच बंद केलाय,” चिटणीस अगदी गोड आवाजात म्हणाला. “या खुर्चीला स्वतःचं चालू नाव लागतं. तुमचं सकाळी गोठलं.”

“काहीतरीच काय! मुदत आहे अजून.”

“मुदतीचं नाही हो. तुमचा घरचा पत्ता बरोबर आहे ना, असं विचारणारा मेल पाठवला होता. उत्तर नाही आलं की नाव गोठतं. नियम तुमच्यासमोरच झालाय.”

तिला आठवलं. मेल आला होता. खाली निळं बटण, ‘इथे दाबा’. असले मेल भामट्यांचे असतात, हे ती सुट्या माणसांच्या संघटनेतल्या सभासदांना कानीकपाळी ओरडून सांगत आलेली. तिने तो पुसून टाकला होता आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाली होती.

“आत्ता देते पत्ता. पाच मिनिटं थांबा.”

“तपासायला चार दिवस लागतात.” चिटणीसाने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. “ठराव संध्याकाळी घेऊ. तोवर तुमच्यातलं दुसरं कुणी पाठवा की. नाव चालू असलं म्हणजे झालं. आमची ना नाही.”

इतका चांगुलपणा! ग्लासाला हात न लावता ती उठली.

बाहेर येऊन तिने बुकबाइंडर काकांना फोन लावला. जुने सभासद, दोन गल्ल्या पलीकडे दुकान.

“काका, हातातलं काम टाका आणि इकडे या. माझ्या जागी बसायचंय.”

“निघालोच! पण झालं काय?”

बंद दाराआड कुणीतरी हसलं.

“काका, तुम्हाला पत्त्याचा एक मेल आला होता का?”

“आला होता की! सगळ्यांनाच आला,” काका अभिमानाने म्हणाले. “पण काळजी नको. तुमचा शब्द म्हणजे शब्द, बाई. एकानेही हात लावला नाही त्याला.”