डीमधलं जात नसते

अमरदीपचं नाव काढलं की उज्ज्वलाच्या डोक्यात तिडीक जायची. मेडशीच्या बसस्टॉपजवळ तिचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान, आणि तिथल्या कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणजे हा अमरदीप. चोरीची विंडोज टाकायचा अन् गुटख्याच्या हातानं कीबोर्ड बडवायचा. श्शी! एंटरचं बटण पार लाल झालं होतं. थोडे दिवस गेले की कॉम्प्युटर पुन्हा आजारी, हा पुन्हा हजर. "फॉर्मेट मारा लागते, ताई. सीमधलं जाईन, डीमधलं जात नसते." गावात कॉम्प्युटरचं दुसरं काही कोणाला कळो न कळो, एवढं सगळ्यांना पाठ होतं. डिस्कचे दोन कप्पे, सी अन् डी; जपायचं ते डीमध्ये ठेवायचं.

उज्ज्वलाच्या डीमध्ये तिची याडी होती, म्हणजे आई, धुरपताबाई. बंजाऱ्यांच्या तांड्यावर नवरी सासरी निघताना रडत रडत ढावलो गाते. तो धुरपताबाईसारखा कोणालाच येत नव्हता. लांबलांबच्या पोरी तिच्याकडे शिकायला यायच्या. ती वारली त्याच्या आदल्या वर्षी उज्ज्वलानं तो रेकॉर्ड केला होता. मोबाइल फुटतो, हरवतो, म्हणून फक्त डीत ठेवला. आता धाकट्या बहिणीचं, मंजूचं लग्न तोंडावर आलं होतं, अन् ती दुकानात बसून तो ऐकून शिकणार होती.

त्यातच एक दिवस शेषरावमामा पेन्शनच्या फॉर्मसाठी समोर बसलेले असताना पडद्यावर नागड्या बाईची जाहिरात उघडली. बंद केली तर आणखी दोन उघडल्या. मामांनी मान खाली घातली, पिशवी उचलली अन् निघून गेले. उज्ज्वलाला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"बस झालं! ही घाण मले नको."

विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या लिनक्सबद्दल तिनं व्हिडिओ पाहिले होते. फुकट, चोरीचं नाही, व्हायरसची कटकट नाही. अमरदीपला तिनं मुद्दाम बोलावलंच नाही. पेन ड्राइव्ह स्वतः तयार केला अन् लावला. पडद्यावर विचारलं, डिस्क पुसून टाकायची का? सगळं जाईल, असा इशाराही होता. सगळं म्हणजे सीमधलं, ती मनात म्हणाली. तिनं बटण दाबलं.

कॉम्प्युटर उघडला तो असा की बघत राहावं. झटपट, चकाचक. मग तिनं डी शोधला. सगळीकडे शोधला. शेवटी त्याच अमरदीपला फोन करावा लागला.

त्यानं एकदाच पाहिलं. "ताई, डी राह्यलाच नाही. पुरी डिस्क पुसली तुमी."

"तूच म्हणे न, डीमधलं जात नसते!"

"मी मारतो तवा फक्त सी पुसतो, ताई."

तो बाहेर गेला, गुटखा थुंकला, साबणानं हात धुतले अन् मग कीबोर्डला बसला. दुपारभर खटपट केली. काही परत आलं नाही.

संध्याकाळी मंजू आली. "लाव न, ताई, याडीचा ढावलो."

याडी उज्ज्वलालाही म्हणायची, तू बी शिक. "कायले शिकू? डीमध्ये हाय न," असं ती तोंडावर सांगायची. ते आठवलं अन् तिला स्वतःचीच किळस आली.

तिनं डोळे मिटले अन् स्वतःच सुरू केला. पहिली ओळ आली. सूरही बरोबर लागला.

"पुढं?" मंजूनं विचारलं.