आत्याच्या भिंतीवरचा चिखल

बेटावर सगळ्यांचं आडनाव लिन, आणि समुद्राची देवी मात्सू मूळची लिनांचीच लेक. त्यामुळे बाकीचं जग तिला देवी म्हणो, बेटावर ती आत्याच. वादळ उठलं की होडीतली माणसं हक्कानं ओरडायची, "आत्या, बघतेस काय नुसती?" अशा आत्याच्या तोंडाला ज्यानं चिखल फासला, त्याला गाव सोडील होय! मू गवंड्याला खांदा द्यायलासुद्धा कोणी आलं नाही. त्याची बायको म्येन विहिरीवर दिसली की अजून कोणीतरी म्हणायचंच, "आली बघा चिखल्याची!"

म्येन ऐकून घेणारी नव्हती. "त्या चिखलाखाली आत्या सुखरूप आहे म्हटलं! उघडू दे एकदा भिंत, मग बघते एकेकाला."

दंडाला लाल पट्टे बांधलेली क्रांतीची पोरं देवळं फोडत बेटाकडे निघाल्याचं कळलं, त्या दिवशी मूनं देवळातली आत्याच्या चित्रांची अख्खी भिंत लिंपून काढली आणि वर लाल अक्षरांत अध्यक्षांच्या जयजयकाराची घोषणा रंगवली. पोरांनी मूर्तीचे तुकडे केले, पण घोषणेवर घाव घालायची कोणाची छाती झाली नाही. हे मूनं तेव्हा बायकोखेरीज कोणाला सांगितलं नाही. पुढे सांगितलं तर कोणाला पटलं नाही.

आता सरकारनं देऊळ परत उघडायला परवानगी दिली आणि भिंत खरवडायचं ठरलं. म्येननं त्या दिवशी शिडासारखा उंच अंबाडा घातला, चित्रातल्या आत्याचा होता तसाच. छिन्नी घेतली होती श्वेइकन नावाड्यानं. मूला टोमणे मारण्यात सगळ्यात पुढे हाच.

पहिला पोपडा धप्पकन पडला. मागं भिंत कोरी.

दुसरा पडला. कोरीच! ना रंग, ना रेघ. माणसं ढेकळं तुडवत पुढं सरकली, पोपड्यांवर पोपडे कोसळत गेले, आणि निम्मी भिंत उघडी पडली तरी आत्याच्या पदराचं टोकसुद्धा दिसेना.

"काय वहिनी," श्वेइकन शिडीवरूनच म्हणाला, "आत्या सासरी गेली वाटतं?"

लोक हसले. म्येनच्या मनात आलं, मू माझ्याशीसुद्धा खोटं बोलला? आयुष्यभर मी ज्याच्यासाठी गावाशी भांडले, तो? तिला असा संताप आला की समोरचं ढेकूळ उचलून तिनं भिंतीवर मारायला हात उगारला. ढेकळाची खालची बाजू निळी होती.

"थांब! मेल्या, थांब! हात लावू नकोस!" ती श्वेइकनवर ओरडली.

उरलेला मोठा पोपडा चौघांनी अलगद सोडवून गोणपाटावर पालथा घातला.

बाई गं! आत्या! शिडाचा अंबाडा, हातात लाल कंदील, आणि मागं समुद्र असा निळा, की आत्ताच रंगवून कोणी उठून गेलंय. भिंतीवर कंदील उजव्या हातात होता, इथं तो डाव्या हातात आला होता. रंग भिंत सोडून चिखलाला चिकटला होता, आणि इतकी वर्षं आत्या अंधारात भिंतीकडे तोंड करून उभी होती. श्वेइकनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

मग एका बाईनं खाली पाहिलं आणि तोंडावर हात नेला. प्रत्येकाच्या पायाखाली निळा, हिरवा, सोनेरी भुगा होता. आत्यानं तारलेल्या होड्या, लाटांवरचे ड्रॅगन, सगळं आत्ताच त्यांनीच तुडवलं होतं. पाऊल उचलायची कोणाची हिंमत होईना.

श्वेइकननं जागेवरूनच पेटवलेली उदबत्ती पुढे केली. देऊळ उघडलं की पहिली उदबत्ती गावाच्या वडीलधाऱ्याच्या नावानं लागते. तो म्हणाला, "वहिनी, पहिली मूदादाच्या नावानं लाव."

म्येननं ती कपाळाला लावली, आत्यासमोर खोचली आणि गुडघ्यांवर बसली. लिंपणात तांदळाची पेज मुरवली की ते पक्कं बसतं, हे कुठलाही गवंडी सांगेल. भिंत चार दिवसांत गळू नये म्हणून मूनं घरातला होता नव्हता तो तांदूळ शिजवायला लावला होता. तिनंच तर शिजवला होता.

"वेड्या," ती रडत रडत म्हणाली, "आपण घरात रताळ्याचा पाला खात होतो आणि तू पेज भिंतीला पाजलीस! जरा कमी पाजली असतीस, तर चिखलानं रंग ओढला नसता, आत्या अख्खी वाचली असती रे!"