लोखंडाची चव

मी पेज शिजवायचे एक जुने मातीचे बुडकुले आहे. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षे झाली होती, तेव्हा डिचोलीच्या एका कुंभाराने मला घडवले. मये गावातल्या एका बाईने बोटाने ठोकून, आवाज ऐकून मला विकत घेतले. मित्रांनो, तिचा मुलगा सगुण माझ्याच पेजेवर वाढला. पुढे तो खनिजाचा ट्रक चालवू लागला. त्याचे लग्न झाले, त्याची आई गेली, घरात गॅस आला. त्याची बायको विनोदिनी हिने मला धुऊन माळ्यावर पालथे घातले. तिथे मी चौदा वर्षे पडून होते.

मग एके दिवशी तिने मला घाईघाईने खाली काढले. सगुणला पोटाचा कॅन्सर झाला होता. मोठ्या इस्पितळात औषधाच्या सलाईन चालू होत्या. त्या औषधाने त्याचे केस गेले, तोंड सोलून निघाले आणि प्रत्येक घासाला एकच चव येऊ लागली.

"पेजेक लोखंडाचो वास येता गो," तो म्हणाला. "खाणीवरची धूळ तोंडात गेल्यासारकी लागता."

विनोदिनीने घरातली सगळी भांडी बदलून पाहिली होती. शेवटी तिला मी आठवले. तिने मागीलदारी चूल पेटवली, माझ्यात दोनदा पाणी उकळून टाकले आणि पेज शिजवली. सगुण वाटीभर प्याला. मला वाटले, हा माणूस आता वाचणार.

पण कोरगावहून त्याचा धाकटा भाऊ गुरुदास आला. त्याचा भावावर फार जीव. चार गावे फिरून, दहा जणांना विचारून त्याने एक कागद लिहून आणला होता.

"दादा, भात, दूध, गोड, नुस्ता, सगळा बंद. ता त्या दुखण्याचा खाणा. खावक मेळूक नाय काय ता दुखणा उपाशी मरतला."

नुस्ता म्हणजे मासळी, तीही बंद; रोज फक्त कारल्याचा रस आणि उकडलेला दुधी. घाटातून भरलेला ट्रक उतरवताना न डगमगणारा सगुण आता भ्यायला होता. त्याने मान डोलावली.

"भावजी, इल्लीशी पेज तरी घेवंदेत," विनोदिनी म्हणाली.

"वैनी, दादा वाचाक होयो मां तुमका?"

 तिने चुलीतली लाकडे मागे ओढली.

सात आठवडे मी चुलीपाशी रिकामे बसले. सगुणचा सदरा त्याच्या अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसू लागला. मग एके दिवशी सगुण आणि विनोदिनी इस्पितळातून नेहमीपेक्षा लवकर परत आली. त्या दिवशी औषध दिलेच नव्हते. आहार सांगणाऱ्या बाई काय म्हणाल्या, ते विनोदिनीने रडत रडत गुरुदासला सांगितले, "नऊ किलो वजन उतरलंय. आता औषध दिलं तर शरीराला पेलणार नाही. आधी त्यांना खायला घाला. अंडं, दूध, नीट शिजवलेली मासळी, जे गिळवेल ते. त्यांना काय खावंसं वाटतं, ते विचारा."

गुरुदास सगुणपाशी जाऊन बसला. मग त्याने विचारले, "दादा, तुका काय खावचा दिसता?"

"मुड्डोशी," सगुण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरुदासने मोरजीहून ती पांढरी, मऊ मासळी आणली. विनोदिनीने तिखट न घालता तिचे कालवण माझ्यात केले. सगुणने तीन चमचे खाल्ले. "लोखंड लागता," तो म्हणाला, "पण मागसून नुस्ता लागता." आणि तो रडू लागला.

त्याचे वजन दोन किलो वाढले. औषध पुन्हा सुरू झाले. तोवर दुखणे यकृतात पोहोचले होते. दिवाळीच्या आठ दिवस आधी सगुण गेला.

ते सात आठवडे वाया गेले नसते तर तो जगला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. गुरुदास मात्र ते अजून विचारतो. मये गावात आला की मागीलदारी बसतो आणि म्हणतो, "वैनी, माझ्यामुळे?" विनोदिनी त्याच्यापुढे पेजेची वाटी ठेवते. 

मित्रांनो, तुमच्या घरी असे दुखणे आले तर औषध देणाऱ्यांनाच विचारा, काय खायला द्यावे. आणि जो आजारी आहे त्यालाही विचारा. त्याच्या तोंडाला कसली चव येते, ते त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते.