बहीण सभेत आली तेव्हा

वावाऊ बेटावरच्या सभेत कावाच्या वाट्या फिरत होत्या, पण पिण्यात कुणाचं लक्ष नव्हतं. सर्जनकी सोडून निवडणुकीला उभा राहिलेला लिसिआते बोलायला उठला, तोच विरोधकांचा फेलेती कडाडला, "सख्ख्या बहिणीचं पोट फाडलंस ना रे तू? आपल्यात मोठे झालेले भाऊ-बहीण एका खोलीत थांबत नाहीत, आणि तू तिच्या अंगाला हात लावलास! असला माणूस आपली रीत काय राखणार?"

 ऑपरेशनच्या दिवशी बेटावर दुसरा सर्जनच नव्हता, एवढं लिसिआतेने सांगितलं असतं तरी सभा त्याची झाली असती. त्याने तोंड उघडलं, आणि त्याची बहीण अनासेइनी दारातून आत आली.

ओठांवरचं वाक्य गिळून, सभेसाठी रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई सावरत, मान खाली घालून तो मागच्या दाराने बाहेर पडला.

"पळाला की हो!" आत फेलेती खिदळला.

लिसिआते भिंतीला टेकून उभा राहिला. आतून अनासेइनीचा आवाज आला, अगदी शांत.

"मी एकटी नाही आले, फेलेती. ही बघ, तुझी बहीण माझ्या शेजारी उभी आहे. तू अजून इथेच कसा?"